मोडून पाठवलेला पाव

ता. ६ जानेवारी

चि. पिठ्यास,

अ. उ. आ.

तुझं मागचं पत्र चार ओळींचं होतं, आणि त्यातल्या दोन हवेबद्दल होत्या. थंडी आहे हे आम्हालाही इथे कळतं, त्यासाठी तू कागद खर्च करू नकोस. तू जेवतोस काय, राहतोस कसा, राग आवरतोस की अजून भांडी आपटतोस, हे लिही. बहिणीला एवढंच हवं असतं.

बाबांचं सांगते. झटका येऊन गेल्यापासून उजवा हात जो लोंबकळला तो तसाच आहे. पाय बरे आहेत, जीभ तर विचारूच नकोस. रोज सकाळी भट्टीजवळच्या स्टुलावर जाऊन बसतात आणि जो पाव समोर येईल त्याला नाही चालणार म्हणतात. गेल्या महिन्याभरात दोन कारागीर सोडून गेले. दुसरा जाताना मला म्हणाला की, ताई, पगार वेळेवर मिळतो, पण रोज उठून नापास व्हायला माणूस किती दिवस येईल? आता एकच म्हातारा कारागीर उरलाय आणि तोही ऐकायला कमी येतं म्हणून टिकलाय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं आपल्या बाबांचं.

आता मुद्द्याचं. तुझ्या भाचीला दिवस गेलेत. जूनमध्ये बाळंतपण आहे. पहिलंच आहे, त्यामुळे मला तिच्या गावी जाऊन दोन-तीन महिने राहावं लागेल. हे तर दिवसभर बसवर असतात, घरी येतात ते जेवून झोपायला. मग बाबांजवळ कोण? परक्या माणसाला ते अंगाला हात लावू देत नाहीत. मी खूप विचार केला आणि तुझ्यापाशीच येऊन थांबले. कायमचा ये असं म्हणत नाही. तेवढ्यापुरता ये. भट्टी बंद पडली तर बाबा आठवडाभरही धड राहणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे.

रागावू नकोस. विचार कर आणि मग लिही, आणि चार ओळींहून जास्त लिही.

तुझी वाट बघणारी,
ताई


ता. २२ जानेवारी

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तू जास्त लिही म्हणालीस म्हणून लिहितो, पण आधी तुला नको असलेलं उत्तर देऊन टाकतो. मी येणार नाही. भाचीचं ऐकून आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद सांग. पण त्या भट्टीसमोर मी पुन्हा उभा राहणार नाही.

तू तेव्हा सासरी राहायचीस, तू बघितलं नाहीस. मी एकट्याने लावलेली ती पहिली भट्टी होती. बाबांनी पहिला पाव मोडला, वास घेतला, अंगठ्याने दाबला, आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणाले की ह्याचा हात पावाचा नाहीच. मग ती सगळी भट्टी, होते नव्हते तेवढे पाव, कोंबड्यांना घातली. ताई, कोंबड्यांनी ती आनंदाने खाल्ली. मी तिथे उभा राहून बघत होतो. त्यानंतर मी घर सोडलं, हे तुला माहीत आहेच.

आता तुला हसायला काहीतरी देतो. इथली बेकरी एका मालकीणबाईंची आहे. बाई मोजकं बोलतात, पण माणूस म्हणून भल्या आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे एक वेगळंच काम आलं. इथे सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर एक मोठी खोली आहे, तिथे ख्रिस्ती मंडळी रविवारी उपासनेला जमतात. त्यांना प्रभुभोजनासाठी, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून खायला, एक मोठा गोल पाव हवा होता. एकच. मी तो शनिवारी सगळं काम उरकल्यावर वेगळा भाजला. चांगला फुगला, रंग छान आला, मी बाहेर काढला, आणि काय सांगू, हाताने आपलं काम केलं. मी तो मोडला. पहिला पाव मोडून बघितल्याशिवाय भट्टी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हे बाबांनी अंगात असं भिनवलंय की एकाच पावाची भट्टी असली तर पहिला तोच आणि शेवटचाही तोच, हे डोक्यात यायच्या आधीच दोन तुकडे हातात.

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. दुसरा करायला पीठ भिजवलेलं नव्हतं. शेवटी तेच दोन तुकडे स्वच्छ कापडात गुंडाळून मी स्वतः माफी मागायला गेलो. त्यांचे पाळकसाहेब, म्हणजे उपासना चालवणारे, जाड चष्म्याचे, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं असलेले गृहस्थ आहेत. मी सगळं सांगितल्यावर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, अहो, आम्हीसुद्धा तो मोडतोच, तुम्ही आमचं अर्धं काम केलंत. पैसे द्यायला लागले तर मी घेतले नाहीत. मग म्हणाले, तुम्ही केलेल्या पावाचं पुढे काय होतं ते बघायला एकदा या. मी बरं म्हणालो आणि निघालो.

बघ, किती लिहिलं. आता तक्रार करू नकोस.

तुझा,
पिठ्या


ता. १० फेब्रुवारी

चि. पिठ्यास,

अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग हसले. नाही म्हणालास त्याचं वाईट वाटलं, पण मी तुझी बहीण आहे, एका नकाराने उठून जाणारी नाही. जून अजून लांब आहे.

आता ऐक. बाबांना कागद नीट धरता येत नाही, म्हणून घरात येणारी सगळी पत्रं मी त्यांच्या खाटेजवळ बसून मोठ्याने वाचते. तुझं पत्र निघालं की ते डोळे मिटून घेतात, म्हणजे झोपले असं आपण समजायचं. कोंबड्यांचा भाग मी गाळला, एवढी अक्कल मला आहे. पण पाव मोडल्याचं वाचत होते, तर पांघरूण हलायला लागलं. मला वाटलं, पुन्हा झटका आला. मी घाबरून उठले. पांघरूण बाजूला केलं तर हसत होते. डोळे मिटलेलेच, पण गाल ओले. एवढं हसलेले मी त्यांना आई गेल्यापासून बघितलेले नाहीत.

मग छताकडे बघत त्यांनी विचारलं की तो पाव आतून कसा निघाला होता, ते लिहिलंय का. मी म्हणाले, नाही लिहिलं. त्यावर म्हणाले, अर्धवट पत्र लिहितो, पहिल्यापासून अर्धवट. आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा पुढच्या पत्रात तेवढं लिही. मी मागते आहे असं समज.

त्या पाळकांकडे जायचं तर जाऊन ये, त्यांनी माणुसकीने बोलावलंय. पण फार गुंतू नकोस. तू एकदा कशात शिरलास की शिरलास. लहानपणी पतंगाच्या मागे धावताना तीन कौलं फोडली होतीस. आणि तो मोडायचा हात जरा आवर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते तुझ्यासाठीच असावं.

भाची बरी आहे. तिला सगळ्या वासांनी मळमळतं, फक्त पावाचा वास चालतो. आपलंच रक्त आहे.

तुझी,
ताई


ता. १९ मार्च

ती. सौ. ताईस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

पाव आतून एकसारखा जाळीदार होता. मधे गाठ नव्हती. फक्त खालची कड जरा जास्त भाजली होती. हे ज्यांना सांगायचं त्यांना सांग.

आता जे लिहितो ते तुला कसं लागेल, माहीत नाही. पण तुझ्यापासून लपवून मला नीट झोप लागायची नाही.

मी त्या खोलीत गेलो. घडीच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलक्लॉथवर इस्त्रीचा डाग. खालून सायकलच्या चाकात हवा भरल्याचा आवाज. लोक साधेच होते. एक शिवणकाम करणाऱ्या मावशी, एक निवृत्त ट्रकचालक, एक रात्रपाळीहून थेट आलेली नर्स, ती मधूनमधून डुलक्या काढत होती. मी सगळ्यात मागे बसलो. माझ्या हातचा दुसरा पाव समोर होता, ह्या वेळी अखंड, कारण मालकीणबाई तो भट्टीतून काढताना माझ्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या.

पाळकसाहेबांनी तो उचलला. देवाचे आभार मानले आणि मोडला. ताई, मी खुर्चीच्या कडेवर सरकलो. मी वाट बघत होतो, आता वास घेतील, आता अंगठ्याने दाबतील, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. त्यांनी तो वाटायला दिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा पाव खोट काढायला नाही, तर वाटायला मोडला. मग ते म्हणाले की प्रभू येशूने आपल्यासाठी स्वतःला असंच मोडू दिलं, आपण परीक्षेला उतरलो म्हणून नाही, उतरत नव्हतो म्हणून. मी मान खाली घातली आणि रडलो. ताट माझ्यापाशी आलं तेव्हा मी मावशींना हळूच सांगितलं की मी तुमच्यातला नाही, मला नको. त्यांनी काही न विचारता ताट पुढे दिलं आणि आपला रुमाल माझ्या मांडीवर ठेवला.

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. पाळकसाहेबांनी नवा करार, म्हणजे त्यांच्या बायबलचा येशूबद्दलचा भाग, दिलाय, तो मी पीठ फुगेपर्यंत वाचतो. त्यांची एक प्रार्थना आहे, त्यात देवाकडे आजच्यापुरतं अन्न मागायचं असतं. मला वाटलं, ही तर आपल्या धंद्याची प्रार्थना. पण त्याच्या लगेच पुढे माफीचं मागणं आहे, आणि तेही असं की आम्ही जशी दुसऱ्यांना केली तशी आम्हाला कर. पहिला अर्धा भाग मी जोरात म्हणायचो आणि दुसऱ्याला माझं तोंड बंद. दोन-तीन रविवार असेच गेले. देवाच्या लक्षात येणार नाही असं मला का वाटलं, कोण जाणे.

इथे आमच्याकडे पीठ मळणारे एक काका आहेत. त्यांच्याकडून परवा पीठ जास्त फुगून आंबलं. मी नेहमीसारखा पेटलो, ओरडलो, परात आपटली. आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून मीच गार पडलो. शब्द बाबांचे होते, आवाजही त्यांचाच. काकांचा चेहरा बघितला तर त्या दिवशीचा माझाच चेहरा. मी भट्टीमागे जाऊन बसलो आणि देवाला म्हणालो की मला हे जमत नाही, तूच काहीतरी कर, मी तुझा. एवढीच प्रार्थना. वीज कडाडली नाही की काही दिसलं नाही. पण उठलो तेव्हा छातीवरचं कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखं वाटलं. मी काकांकडे जाऊन, सगळ्यांसमोरच, माफी मागितली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. शेवटी म्हणाले, तुझी तब्येत बरी आहे ना?

ताई, मी येशूवर विश्वास ठेवला आहे. पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा घेणार आहे. तू रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझाच,
पिठ्या


ता. ८ एप्रिल

चि. पिठ्यास,

अ. उ. आ.

आमच्या सा. न. वि. वि.ने तुझं काय घोडं मारलं होतं रे? लहानपणी तुझा हात धरून मी ती अक्षरं गिरवून घेतली होती. पत्र उघडल्याबरोबर ती दिसली नाहीत. वाटलं, गेला हा आपल्यातून.

मी पत्र बाबांना वाचून दाखवलं. सगळं. लपवून काय करू, घरात दोन तर खोल्या. करपलेल्या कडेचं ऐकून लगेच म्हणाले की तो पाव भट्टीच्या मागच्या बाजूला ठेवतो, तिथे ताव जास्त असतो, हजारदा सांगितलं होतं. पण पुढचं ऐकलं तसा चेहरा दगडासारखा झाला. शेवटी एकच बोलले, आणि ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मागाहून मला बोल लावू नकोस. म्हणाले, “त्याला आता वरचा बाप मिळालाय, खालच्याची काय गरज? आला तरी त्याच्या हातचा पाव मी खाणार नाही.” त्यावर मी भांडले. मीसुद्धा त्यांचीच मुलगी आहे. पण ते बोलले की बोलले.

मला काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. आपल्या घरात देवाचं नाव पीठ फुगलं नाही तरच निघायचं, त्यामुळे तू आमचा कुठला देव सोडलास असं म्हणायची सोय नाही. भीती वेगळीच आहे. तुला तिकडे मावशी मिळाल्या, काका मिळाले, रुमाल देणारे मिळाले. मग बहिणीची आठवण कशाला येईल? हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते, पण वाटतं ते वाटतं.

आणि तू एका कारागिराची माफी मागितलीस, हे मी तीनदा वाचलं. तू? लहानपणी माझ्या डोक्यात बॅट घातलीस तेव्हासुद्धा माझं डोकं मधे आलं म्हणाला होतास. खरं सांग, ताप वगैरे नव्हता ना?

बरोबर एक टॉवेल पाठवते आहे. बाप्तिस्म्यात माणसाला पाण्यात बुडवतात असं हे सांगत होते. तुला लगेच सर्दी होते. बाहेर आल्याबरोबर आधी डोकं पूस, प्रार्थना नंतर कर.

रागावलेली पण तुझीच,
ताई

ता. क. म्हातारा कारागीरही काम सोडून गेला. भट्टी थंड आहे. तरीही बाबा रोज स्टुलावर जाऊन बसतात.


ता. १२ मे

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. आणि प्रभूमध्ये सलामही. दोन्ही घे, एकाने दुसऱ्याला धक्का लागत नाही.

टॉवेल मिळाला. नदीतून बाहेर आलो आणि मावशींनी तोच माझ्या डोक्यावर टाकला. त्याला आपल्या घरच्या साबणाचा वास होता. सगळे टाळ्या वाजवत होते, गात होते, आणि मी टॉवेलमध्ये तोंड खुपसून उभा. तू तिथे होतीस असंच मला वाटलं. बहिणीची आठवण कशाला येईल म्हणतेस, वेडे, उलट आता तर तुझ्यासाठी रोज सकाळी नाव घेऊन आभार मानतो. आधी तुला गृहीतच धरलं होतं.

तू म्हणाली होतीस ना, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पाण्यात उतरण्याआधी पाळकसाहेबांनी समजावलं की हे बुडणं म्हणजे जुन्या माणसाचं मरणच, ख्रिस्ताबरोबर त्याला पुरायचं आणि नवा होऊन वर यायचं. मला तुझी म्हण आठवली आणि मी नदीकाठी हसलो. म्हण बरोबरच आहे. आधी मरावं लागतं, एवढंच. सगळ्या खोडी एकदम गेल्या असं नाही, नाकावरचा राग अजून अधूनमधून येऊन बसतो. पण आता त्याला पाट मांडून बसवत नाही.

मी येतो आहे. मालकीणबाईंना सांगितलं, त्यांनी रजा दिली आणि स्वतः मळलेल्या जुन्या पिठाचा गोळाही खमिरासाठी बरोबर देणार आहेत. बाबांना एवढंच सांग की वरच्या बापानेच खालच्याकडे जा म्हणून सांगितलंय. मी त्याला पुष्कळ टाळून बघितलं. ते माझ्या हातचा खाणार नसतील तर न खावोत. मी भट्टी पेटवीन, त्यांची दाढी करीन, अंघोळ घालीन. मला आता त्यांच्याकडून पास व्हायचं नाही. पण तुला खरं सांगतो, भीती वाटते. दारातूनच परत जा म्हणाले तर काय करायचं, हे मला अजून माहीत नाही. तू तेवढी प्रार्थना कर. येत नसेल तर नुसती आठवण काढ.

तुझा,
पिठ्या


ता. २ जून

चि. पिठ्यास,

अ. उ. आ.

काल इथे लेकीकडे पोहोचले. आपली दारातच चुकामूक झाली, ती ह्या दोन बसच्या वेळांमुळे. ह्यांच्या खात्याला मी चांगलंच सुनावणार आहे. पत्र फार लांब लिहायला वेळ नाही, पोरीला कळा कधीही सुरू होतील.

बाबांच्या गोळ्या खिडकीतल्या डब्यात आहेत. उजवा हात उचलताना कोपरातून धर, खांद्यातून नको. ते बोलले नाहीत तर बोलवू नकोस, बोलले तर उत्तर देऊ नकोस. तू येणार हे सांगितलं तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मला भट्टीतली राख काढायला लावली. ह्याचा अर्थ तू लाव, मला लावता येत नाही.

माझी सगळी वर्षं तुला ये ये म्हणण्यात गेली. माझ्या पत्रांनी जे झालं नाही ते एका मोडक्या पावाने केलं, ह्याचा थोडा राग आहे, पण तो पाव जिथे गेला त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

उलट टपालाने सगळं कळव.

ताई


ता. २५ जून

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. व प्रभूमध्ये सलाम.

मुलगी झाली हे भाऊजींनी बसमधून उतरता उतरताच ओरडून सांगितलं. अर्ध्या गल्लीला कळलं. भाचीला आणि बाळाला माझे खूप खूप आशीर्वाद. आई आणि लेक दोघी सुखरूप, ह्याबद्दल मी भट्टीसमोरच गुडघे टेकून देवाचे आभार मानले.

बाबांनी मला दारातून परत पाठवलं नाही. पण आत ये असंही म्हणाले नाहीत. दार उघडं होतं, मी आत गेलो. पहिले किती दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. मी दाढी करायचो, अंघोळ घालायचो, ते माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघायचे. मी दूध आणि भात द्यायचो. पाव केलाच नव्हता. आधी भट्टी नीट करायची होती, आतल्या दोन विटा निखळल्या होत्या. मी विटा बसवत असताना ते स्टुलावरून बघायचे. एकदा काठीने दाखवलं, ती वीट उलटी आहे. खरंच उलटी होती.

मग परवा भट्टी पेटवली. धूर बघून जुनी गिऱ्हाइकं येऊन दुकानाच्या फळीशी उभी राहिली. मी पहिली भट्टी काढली, तोंडाजवळच्या बाजूला लावलेली, मागे नाही. आणि पहिला पाव कापडावर ठेवून बाबांच्या मांडीवर नेऊन ठेवला. म्हणालो की मोडायचा मान तुमचा, तुम्ही मोडल्याशिवाय मी एकही विकणार नाही. खाऊ नका, नुसता मोडा.

त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. बाहेर गिऱ्हाइकं कुजबुजत होती. मग डावा हात पुढे केला. ताई, एका हाताने पाव मोडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो मांडीवर नुसता गडगडत होता. त्यांनी छातीशी दाबून बघितला, कोपराखाली धरून बघितला. सदऱ्यावर सगळा चुरा. माझे हात आपोआप पुढे जात होते, ते मी पाठीमागे बांधून उभा राहिलो आणि मनात देवाचा धावा करत होतो की ह्या माणसाची सगळ्यांसमोर शोभा होऊ देऊ नकोस. पूर्वी हेच मी मागितलं असतं, पण उलटं.

आणि मग त्यांनी, माझ्याकडे न बघताच, पाव एका बाजूने धरून दुसरी बाजू माझ्याकडे केली.

मी धरली. दोघांनी ओढलं. वाकडातिकडा मोडला. त्यांनी मोठा तुकडा नाकाशी नेला, अंगठ्याने दाबला, उलटा करून खालची कड बघितली. मी पुन्हा तसाच उभा होतो, लहान होऊन. पण मला धडधडत नव्हतं. त्यांनी काही म्हटलं नाही. तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिले. खाणार नाही म्हणालेले ते विसरले की काय, हे विचारायची माझी हिंमत नाही. मग त्यातलाच एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. सायकलच्या दुकानाच्या वरच्या त्या खोलीतच मी उभा आहे असं मला वाटलं. ताई, देव एवढ्या लांबून फिरवून माणसाला घरी आणतो, आणि आपण म्हणतो की आपण आलो.

चालेल असं ते म्हणाले नाहीत, हे मात्र लिहून ठेवतो. म्हणावं असा हट्टही नाही. गिऱ्हाइकांनी सगळा पाव नेला.

तू सावकाश ये. मी इथेच आहे.

तुझा,
पिठ्या


ता. २० जुलै

चि. सौ. थोरलीस,

आशीर्वाद.

हे डाव्या हाताने लिहिलं आहे. अक्षराला हसू नये. पणतीला आशीर्वाद. तिला गार वारा लागू देऊ नका.

भट्टी रोज लागते. दोन कारागीर परत आले. तो त्यांच्यावर ओरडत नाही. मला वाटलं होतं, न ओरडता पीठ नीट मळलं जात नाही. मळलं जातं.

तो सकाळी डोळे मिटून बसतो. एकदा मी विचारलं, काय मागतोस. म्हणाला की मागत नाही, आभार मानतो. कशाचे, तर म्हणाला, तुमचे. मग मी पुढे विचारलं नाही.

त्याच्या त्या खोलीतल्या लोकांना आता पाव इथून जातो. शनिवारी जावयाची बस तिकडे जाते, तो नेतो. पहिला पाव आम्ही दोघं मोडतो, तोच कापडात गुंडाळून पाठवतो. मोडलेला चालतो म्हणे त्यांना. दुसरं कुठलं गिऱ्हाईक असं बघितलं नाही.

पुढच्या शनिवारी पावाबरोबर मीही जाणार आहे, रविवारी तिथेच राहीन. तो पाळक पाव कसा मोडतो ते मला बघायचं आहे. जावयाला खिडकीजवळची जागा ठेवायला सांग. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो.

तू आहेस म्हणून हे घर आहे. लोभ आहेच, मागायला नको.

बाबा

ता. क. पाव चालेल. हे त्याला तू कळव. माझ्या तोंडून निघत नाही.